पिकअपचं बॉनेट पोरांच्या डोक्यावर गेलं, ते कसं?

गारवेल

मंडळी, गेल्या शनिवारी जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतेय.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. आमची गल्ली पुढे बंद आहे, वाहनं फारशी येत नाहीत, त्यामुळे पोरं रस्त्यावरच खडूने चित्रं काढत बसतात. शेजारी सज्जन माणूस आहे. फेब्रुवारी २०२१ च्या गारठ्यात टेक्सासची वीज गेली तेव्हा त्याने आपल्या जनरेटरवरून आमच्या घरात वायर टाकून दिली होती. हे आधीच सांगते, कारण त्याला दोष द्यायला मी आलेली नाही. त्याच्याकडे नवा पिकअप आहे, २५०० वर्गातला, म्हणजे जड कामासाठीचा. शनिवारी सकाळी त्याने इंजिन सुरू केलं आणि त्याच क्षणी माझी धाकटी बंपरपुढे घरंगळलेला खडू उचलायला वाकलेली. मी दारातून किंचाळले. त्याचा पाय अजून ब्रेकवर होता म्हणून वाचलो. खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. "मला ती दिसलीच नाही," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

संध्याकाळी तोच टेप घेऊन आमच्या दारात आला. दोघांनी मिळून मोजलं. बॉनेटची पुढची कड जमिनीपासून ५५ इंच. मुलगी सात वर्षांची, उंची ४८ इंच. म्हणजे ताठ उभी राहिली तरी कडेच्या सात इंच खाली. मग तो आत जाऊन बसला आणि मी तिला बंपरला चिकटून उभी केली, एकेक पाऊल मागे सरकवत नेली. तिच्या डोक्यावरची लाल रिबीन त्याला दिसली तेव्हा ती तीन फूट लांब गेली होती. खडू उचलताना होती तशी वाकवून पुन्हा पाहिलं. तेव्हा चौदा फूट. चौदा फुटांत वाकलेलं पोर दिसत नाही, आणि मागच्या बाजूला कॅमेरा आहे.

माझ्या बाबांकडे तासगावला टाटा २०७ होती. द्राक्षाच्या हंगामात रोज पेट्या भरून जायची. आम्ही भावंडं तिच्या अवतीभवतीच वाढलो. ती काही नाजूक गाडी नव्हती, पण तिच्यापुढे उभं राहिलं की काचेमागे बाबांचा चेहरा दिसायचा.

मला खरंच समजून घ्यायचंय. इथल्या पिकअपची ही उंची आणि ते रागीट तोंड कामासाठी लागतं म्हणून आलं, की आणखी कशाने? या धंद्यात असलेल्यांनी कृपया लिहा.

शेवंती

वाचून काटा आला अंगावर. लेक ठीक आहे ना? ड्यूटी संपली की सविस्तर लिहिते.

स्पॅनर

गारवेल, आधी मुलीला जवळ घ्या. बाकीचं मी सांगतो. मिशिगनमध्ये गाड्यांच्या धंद्यात बावीस वर्षं झाली, कंपनीचं नाव लिहीत नाही.

ही गोष्ट कोंबडीपासून सुरू होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपने अमेरिकन कोंबडीवर जकात वाढवली. उत्तर म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये काही परदेशी मालावर २५ टक्के कर लावायच्या हुकमावर सही केली, तो जानेवारी १९६४ पासून लागू झाला. बटाट्याचा स्टार्च, ब्रँडी, डेक्स्ट्रिन आणि हलके ट्रक. बाकीच्यांवरचा कर कधीच उठला, ट्रकवरचा राहिला. इथे त्याला आजही 'चिकन टॅक्स' म्हणतात. त्यामुळे बाहेरचा छोटा, स्वस्त पिकअप इथे येऊन विकणं परवडेनासं झालं. सुबारूने १९७७ च्या सुमारास ब्रॅट नावाच्या गाडीच्या हौद्यात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बसवल्या, म्हणजे तिला ट्रक न म्हणता प्रवासी गाडी म्हणता येईल. कर माणसाला काय काय करायला लावतो बघा.

दुसरा धागा इंधनाचा. १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ मध्ये सरासरी मायलेजचा कायदा आला, आम्ही त्याला 'कॅफे' म्हणतो. त्यात कारला एक मोजपट्टी आणि 'हलक्या ट्रक'ला दुसरी, सैल. नव्वदच्या दशकात कारला गॅलनमागे २७.५ मैल आणि ट्रकला २०.७. हेतू चांगला होता, शेतकरी आणि गवंडी यांच्या गाडीवर बोजा नको. पण मग जे काही ट्रकच्या व्याख्येत बसवता येईल ते कंपन्यांनी बसवलं. क्रायस्लरची पीटी क्रूझर आठवतेय? दिसायला जुन्या वळणाची छोटी कार. कॅफेच्या कागदावर ती हलका ट्रक होती.

२००६ मध्ये ट्रकचा नियम बदलला, पुढे कारलाही तोच आला. आता लक्ष्य ठरतं ते चार चाकांमधल्या आयतावरून, म्हणजे चाकांमधली लांबी गुणिले रुंदी. आयत मोठा तर लक्ष्य सोपं. इंजिन सुधारायला खर्च येतो, त्यापेक्षा चाकं लांब नेणं सोपं. आणि गाडीचं भरल्या मालासकट कमाल वजन ८,५०० पौंडांच्या वर दाखवलं की या नियमातून ती बाहेरच पडते. तुमच्या शेजाऱ्याची २५०० त्याच गटातली.

त्यात करसवलत. धंद्यासाठी घेतलेल्या गाडीचं भरल्या मालासकट कमाल वजन ६,००० पौंडांहून जास्त असेल तर तिच्या किमतीचा मोठा भाग पहिल्याच वर्षी खर्चात टाकता येतो. मोठ्या एसयूव्हींना त्यात मर्यादा आहे, सहा फूट हौद्याच्या पिकअपला ती लागू नाही. दातांचे डॉक्टर आणि जमिनीचे दलाल पिकअप का चालवतात याचं अर्धं उत्तर त्यांच्या सीएकडे आहे.

ट्रेलरवाला

स्पॅनर भाऊंनी कायदे सांगितले ते ठीक, पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. ह्यूस्टनजवळ माझा बागकामाचा धंदा आहे. माझ्या पिकअपमागे रोज ट्रेलर असतो, त्यावर छोटा लोडर, माती, खडी. उन्हाळ्यात ४० डिग्रीच्या वर तापमान आणि मागे साडेचार टन. तिथे मोठा रेडिएटर लागतो, टर्बोला हवा लागते, ट्रान्समिशनच्या तेलाला कूलर लागतो. ही हवा पुढच्या जाळीतूनच येणार ना? उंच नाक हे नखरे नाहीत, काम आहे.

मुलीच्या बाबतीत जे झालं ते भयंकरच. पण चालवणाऱ्याने बसण्याआधी गाडीभोवती फेरी मारायलाच हवी. आमच्याकडे मजुरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

स्पॅनर

@ट्रेलरवाला, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते मी टाळणार नाही. ओढायच्या क्षमतेची एक प्रमाणित चाचणी आहे. ऍरिझोनात डेव्हिस डॅमचा घाट आहे, तिथे उन्हाळ्यात पूर्ण भार ओढत एसी चालू ठेवून चढावं लागतं. मी त्या चढावर बसलोय. तापमानाचा काटा बघताना घशाला कोरड पडते. हवा लागतेच.

पण दोन गोष्टी बघा. एक, आजच्या बऱ्याच पिकअपच्या जाळीमागे झडपा असतात. साध्या हायवेवर, भार नसताना, त्या आपोआप मिटतात, कारण एवढी हवा आत घेतली तर उलट मायलेज जातं. दोन, २०२२ मध्ये फोर्डने एफ-१५० ची विजेवरची लाइटनिंग आणली. तिला पुढे इंजिनच नाही. पण नाक तेवढंच उंच, तेवढंच उभं. इंजिनच्या जागी सामान ठेवायची पेटी आहे. थंड करायची गरज घटली तरी तोंड तसंच राहिलं, म्हणजे तोंड गरजेने ठरत नव्हतं.

मी वर जे कायदे लिहिले त्यांनी गाडी लांब आणि रुंद केली, जड केली. उंची एकाही कायद्याने मागितलेली नाही. उंची डिझाइनच्या स्टुडिओतून आली. १९९४ चा डॉज रॅम आला तेव्हा मी भारतात शिकत होतो, पण इथले जुने सहकारी अजून त्याबद्दल बोलतात. तोवर पिकअपचं बॉनेट सपाट, फेंडरच्या पातळीत असायचं. रॅमने फेंडर खाली पाडले आणि मधलं बॉनेट वर उचललं, लांब पल्ल्याच्या अठरा चाकी ट्रकसारखं. लोकांना दाखवला तेव्हा कित्येकांना अजिबात आवडला नाही आणि काहींना वेडच लागलं. ज्यांना वेड लागलं तेवढे पुरेसे होते. विक्री एकदम उसळली आणि बाकी दोघांनी, फोर्ड आणि जीएमने, धडा घेतला. तेव्हापासून प्रत्येक नव्या पिढीत शेजारच्यापेक्षा इंचभर वर. काही वर्षांपूर्वी जीएमच्या एका डिझायनरने त्यांच्या मोठ्या सिएरा पिकअपबद्दल उघड सांगितलं होतं की समोर उभं राहिल्यावर ती आता अंगावर येणार असं वाटावं, यासाठी आम्ही भरपूर वेळ दिला.

हे वाचून मला तेव्हाही वाईट वाटलं होतं. आमच्यातलीच माणसं आहेत, हुशार आहेत. हेडलाइटच्या रेषेचा एक मिलिमीटर हलवायला महिना घालवतात. तो महिना कशावर घालवायचा हे कोणीतरी ठरवतं.

केटीकर

मी तिशीतला, नुकताच पिकअप घेतलाय, ट्रेलर वगैरे काही नाही. खरं लिहितो. आधी माझ्याकडे छोटी सेदान होती. आय-१० महामार्गावर रात्री मागे पिकअप लागला की त्याचे दिवे थेट आरशातून डोळ्यांत. बाजूला आला की त्याचं चाक माझ्या खांद्याच्या उंचीला. बायको गरोदर होती आणि मला रोज भीती वाटायची. म्हणून घेतला. आता वर बसल्यावर ती भीती गेली. गारवेलताईंचं वाचल्यावर कळतंय की ती गेली नाही, मी ती दुसऱ्या कुणाच्या तरी आरशात पाठवली. काय करावं हे मला खरंच कळत नाहीये.

शेवंती

रात्रपाळी संपवून लिहितेय. मी न्यू जर्सीत ट्रॉमा विभागात परिचारिका आहे. रुग्णांबद्दल लिहिणार नाही, शरीराबद्दल लिहिते.

कारचं नाक माणसाला गुडघ्याच्या आसपास लागतं. पाय मोडतात, माणूस बॉनेटवर पडतो, घरंगळतो. जखमा असतात, पण गाडीची गती अंगाला टप्प्याटप्प्याने लागते. उभ्या, उंच नाकाचा ट्रक लागतो तो थेट ओटीपोटाला, छातीला. बाई बुटकी असेल तर गळ्याला, मूल असेल तर डोक्याला. माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या जवळपास असतो. त्याच्या वर धक्का बसला की माणूस बॉनेटवर येत नाही, पुढे जमिनीवर फेकला जातो. आणि चाकं मागून येतच असतात.

इथल्या विमा कंपन्यांची आयआयएचएस नावाची संस्था आहे. त्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये जवळजवळ १८ हजार पादचारी अपघात तपासून मांडलं की बॉनेट ४० इंचांहून उंच असेल तर पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंचांच्या आतल्या उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त. त्यांचीच २०२२ ची पाहणी डावीकडे वळणाऱ्या गाड्यांची होती. रस्ता ओलांडणाऱ्याचा जीव गेलेल्या अपघातांत, कारशी तुलना करता पिकअप डावीकडे वळत असण्याचं प्रमाण जवळजवळ चौपट. त्यात काचेशेजारच्या जाड खांबाचाही हात असावा. छत उलटताना चेपू नये म्हणून ते खांब जाड झाले. आतल्याचा जीव वाचवायला केलेली चांगली गोष्ट, आणि तिच्यामागे बाहेरचा माणूस झाकला गेला.

२००९ साली अमेरिकेत सुमारे ४,१०० पादचारी गेले. २०२२ मध्ये साडेसात हजारांवर. सगळं खापर पिकअपवर फोडणं बरोबर नाही. रुंद रस्ते आहेत, अंधार आहे, दारू आहे, फोन आहे. पण वर केटीकर यांनी जे लिहिलं ते आमच्या खोलीत रोज दिसतं. वर बसलेला बहुतेक वेळा चालत घरी जातो.

कर्वेनगरकर

मी पुण्याहून वाचतोय, निवृत्त आहे, मुलगा तिकडे ओहायोत असतो म्हणून या विषयाची ओळख. स्पॅनर यांचं वाचताना आपल्याकडचीच गोष्ट आठवली, फक्त उलट्या दिशेने. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरची अबकारी २४ वरून १६ टक्क्यांवर आली. मग काय झालं? स्विफ्ट डिझायर चार मीटरच्या वर होती, २०१२ मध्ये तिची डिकी मागून कापल्यासारखी आखूड झाली, ३,९९५ मिलिमीटर. गिऱ्हाइकाने कधी आखूड डिकी मागितली नव्हती, ती कराच्या तक्त्याने मागितली. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ आणि ४० टक्के झाला, तरी चार मीटरची रेघ तिथेच आहे. रेघ जिथे ओढाल तिथे गाडी थांबते. अमेरिकेने ती चुकीच्या बाजूला ओढली.

तोंडाचं म्हणाल तर आपणही मागे नाही. जीपगाड्यांना पुढे लोखंडी गार्ड लावायची हौस इतकी वाढली की डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राला राज्यांना कारवाईचं पत्र पाठवावं लागलं. पादचाऱ्याला तर तो गार्ड घातकच, शिवाय एअरबॅगच्या सेन्सरची वेळ चुकते.

आणि काम म्हणाल तर मार्केटयार्डात पहाटे चारला जाऊन बघा. २००५ मध्ये आलेला छोटा हत्ती. ड्रायव्हर पार पुढच्या काचेला चिकटून बसलेला, समोरून हमाल गेला तर त्याच्या डोक्यावरच्या पाटीतली भाजी कोणती हेही त्याला दिसतं.

ट्रेलरवाला

दोन दिवस लिहिलं नाही, कारण शेवंतीताईंचा प्रतिसाद वाचून मी माझ्या यार्डात टेप घेऊन गेलो. माझ्याकडे जुना १९९६ चा पिकअप अजून आहे, धंदा त्याच्यावरच सुरू केला होता. बॉनेटची कड ४१ इंच. नव्याची ५४. दोन्ही गाड्या शेजारी लावल्या तर जुना एखाद्या पोरासारखा दिसतो.

मग हौदा मोजला. जुन्याचा आठ फूट. नवा घेताना कुटुंबासाठी चार दरवाजे हवे होते, म्हणून साडेसहा फुटांचा घेतला. गाडी लांब झाली आणि हौदा आखूड. हौद्याची बाजू तर माझ्या खांद्याशी येते. माझा जुना मजूर पाच फूट तीन इंच आहे. जुन्या गाडीत तो पोतं कमरेवरून नुसतं आत सरकवायचा. नव्यात ते डोक्यावर उचलतो, किंवा मागच्या फळीची पायरी बाहेर काढून चढतो, ठेवतो, उतरतो. दिवसाला सत्तर पोती. गेल्या वर्षी त्याचा खांदा गेला होता, मी वय झालं म्हणून सोडून दिलं होतं.

ट्रेलर ओढायला मला ताकद हवी, हे मी अजूनही म्हणेन. पण ती ५४ इंचांवर असायला हवी असं मला कोणी विचारलं नव्हतं. दुकानात ४१ वाली मिळालीच नाही.

स्पॅनर

@ट्रेलरवाला, तुमचा शेवटचा परिच्छेद आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये लावायला हवा. आम्हाला सांगतात की गिऱ्हाइकाला हेच हवंय. फोर्डचा छोटा पिकअप रेंजर इथे २०११-१२ मध्ये बंद केला, २०१९ ला परत आणला तेव्हा तो जुन्या मोठ्या ट्रकच्या मापाला पोहोचला होता. मग २०२१ मध्ये फोर्डने मॅव्हरिक आणली, कारच्या सांगाड्यावरची, खरंच छोटी. पहिल्याच वर्षी ऑर्डरी घेणं थांबवावं लागलं, एवढी मागणी. लोकांना छोटं नकोय असं नाही. मोठ्यात नफा जास्त आहे. २०१८ मध्ये फोर्डने सगळ्या सेदान इथून बंद करायचं जाहीर केलं ते त्यासाठीच.

जुलै २०२५ च्या नव्या कायद्यात कॅफे मोडल्याचा दंडच शून्य केला गेला. उरलासुरला लगामही गेला. पादचाऱ्याच्या डोक्याला मार कमी लागावा म्हणून पुढच्या भागाची चाचणी घ्यायचा नियम सप्टेंबर २०२४ मध्ये प्रस्तावित झाला होता. युरोपात तशी चाचणी २००५ पासून आहे. मागच्या कॅमेऱ्याची सक्ती इथे मे २०१८ पासून आहे, आणि तीही मागे चिरडलेल्या मुलांच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षं खेटे घातले म्हणून. पुढच्या बाजूसाठी तसं काहीच नाही.

म्युनिककर

युरोपच्या चाचणीबद्दल एक भर. इथे अमेरिकन रॅम रस्त्यावर दिसतात, पण ते एकेका गाडीची वेगळी परवानगी काढून आलेले असतात. त्या वाटेने आलं की पादचाऱ्यांसाठीच्या बऱ्याच चाचण्या टळतात. नियम असूनही फट राहते, त्यामुळे तुमच्याकडे नियम झाला तर फटीसकट वाचा.

केटीकर

आज डीलरकडे जाऊन पुढचा कॅमेरा बसवायचं विचारून आलो. माझ्या मॉडेलला कारखान्यातून मिळत होता, पण सगळ्यात महाग पॅकेजमध्येच. बाहेरून बसवून घेतोय. बायकोने नवव्या महिन्यात बॉनेटशेजारी उभं राहून फोटो काढला होता, कौतुकाने. काल रात्री तो पुन्हा पाहिला. बॉनेट तिच्या छातीच्या वर आहे.

गारवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. @ट्रेलरवाला, तुमच्या मजुराच्या खांद्याबद्दल वाचून रडू आलं. @शेवंती, तुमचा प्रतिसाद इंग्रजीत करून आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक बैठकीत वाचायची परवानगी द्याल का? पुढच्या मंगळवारी बैठक आहे. मुलं घ्यायच्या रांगेत पिकअप आणि मोठ्या एसयूव्ही शेवटच्या थांब्याला, जिथे फक्त मोठी मुलं चढतात, अशी विनंती मी मांडणार आहे. शेजारी सोबत येणार आहे. तो म्हणाला, चौदा फुटांचं मीच सांगतो, ट्रकवाल्याने सांगितलं तर बाकीचे ट्रकवाले ऐकतील.

आम्ही त्याच्या ड्राइव्हवेवर बंपरपासून चौदा फुटांवर पिवळ्या खडूने एक रेघ ओढलीय. पाऊस आला की धुतली जाते, की तो परत ओढतो. गाडीत बसण्याआधी पुढून चालत येतो, रेघेपर्यंत जातो, वाकून गाडीखाली बघतो, मग बसतो. धाकटी खिडकीतून बघत असते.

शेवंती

जरूर वाचा. पाठवताना मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आकडे एकदा तपासून देते. आणि टेप सोबत न्या.